सतरा नंबरचा फॉर्म

माझा कागदोपत्री वाढदिवस १ जून. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा तोच होता. आईबापांना तारीख सांगता येत नसे. "नारळी पुनवेच्या आधी आठ दिवस", "होळी पेटली त्या रात्री" असं काहीतरी सांगत आणि पहिलीत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. पुढे मी बोटीवर असताना मासेमारीची बंदीही याच तारखेला सुरू व्हायला लागली. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस. माझं दहावीचं गणित या एकसष्ट दिवसांत सुटलं, म्हणून ती खोटी तारीख मी आजवर बदलून घेतलेली नाही.

आमचं घर हर्णै बंदरावरचं. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे किनाऱ्यावर कनकदुर्ग आणि मधल्या पाण्यात नांगरलेल्या बोटी. मासळी होडीनं काठावर यायची आणि सकाळ-संध्याकाळ वाळूतच लिलाव. पर्यटक तो लिलाव हौसेनं बघायला येतात. मला मात्र संध्याकाळचा लिलाव संपू नये असं वाटायचं, कारण तो संपला की बाबा गुत्त्यावर जायचे.

बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. समुद्रावर असले की दारूला शिवत नसत. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, सांगायचा, जाळं ओढायला याच्यासारखा माणूस नाही. जमिनीवर आले की दुसरंच कोणी. आईला मारायचे. आई पहाटे लिलावात मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर घेऊन पहिल्या एसटीनं दापोलीला जायची आणि दुपारी परत येऊन रांधायची. तिच्या पदराच्या गाठीत पैसे किती आहेत, यावर आमच्या घरातली रात्र ठरायची. मी आणि धाकटी बहीण शेजारच्या काकूंच्या ओटीवर झोपायचो आणि दप्तर त्यांच्या जाळ्यांच्या ढिगाखाली ठेवायचो. दप्तराला कायम ओल्या जाळ्याचा वास. वर्गात पोरं सरकून बसत.

डिसेंबर २०१० मध्ये एका संध्याकाळी दप्तर घरीच राहिलं. सकाळी उठलो तर दप्तर होतं, आत पुस्तकं नव्हती. बाबांनी नववीची पुस्तकं रद्दीत घातली होती, किलोच्या भावानं. किती आले असतील? एका बाटलीचेसुद्धा पुरते आले नसतील. मी रडलो नाही, भांडलो नाही. फक्त त्या दिवशी शाळेत गेलो नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभरानं नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, घरी आला. बाबांच्या नावावर उचल बरीच झाली होती आणि त्यांचे खाडे वाढले होते. "पोराला पाठव, जेवणाला माणूस हवाय," म्हणाला. आई काही बोलली नाही. मी बोटीवर गेलो.

त्या पाच वर्षांबद्दल फार लिहीत नाही. भात शिजवला, बर्फ फोडला, मासळी निवडली, मग जाळ्यावर आलो. काम वाईट नव्हतं आणि माणसंही वाईट नव्हती. आमच्या बोटीवर दोन नेपाळी खलाशी होते. त्यांच्याकडून हिंदी शिकलो. वाईट होतं ते एवढंच, की माझं वय पंधरा-सोळा आणि माझ्यापुढे बाबांचं पुस्तक उघडं होतं, पान न् पान दिसत होतं.

परत वळायला कारणीभूत झाला एक रकाना. २०१४ मध्ये मच्छीमारांच्या ओळखपत्रांसाठी बंदरावर शिबिर भरलं होतं. बहुतेकांना फॉर्म भरता येत नव्हता आणि मला लिहिता येतं हे कळल्यावर माझ्यासमोरच रांग लागली. तीस-चाळीस जणांचे भरले असतील. सगळ्यात शेवटी स्वतःचा. शिक्षणाच्या रकान्यात "आठवी" लिहिलं. तो कागद घेणाऱ्या साहेबांनी अक्षर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग पुढे का नाही?" मी म्हटलं, शाळा सुटली. ते म्हणाले, "शाळा सुटली तरी परीक्षा सुटत नाही. सतरा नंबरचा फॉर्म भर." त्यांचं नाव मला माहीत नाही. पुन्हा कधी भेटही झाली नाही.

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता, खाजगी विद्यार्थी म्हणून बोर्डाच्या परीक्षेला बसण्याचा अर्ज. तो शाळेमार्फतच भरावा लागतो. आता ऑनलाइन झालाय, तेव्हा कागदावर होता. त्याला मुख्य कागद लागतो तो शाळा सोडल्याचा दाखला आणि मी शाळा सोडली होती, दाखला घेतला नव्हता. २०१५ च्या पावसाळ्यात बोटी वर ओढल्यावर शाळेत गेलो. पाच वर्षांनी त्या फाटकातून आत जाताना पाय जड झाले होते. अंगावर त्यातल्या त्यात बरा शर्ट, तरी मासळीचा वास येतोय की काय म्हणून ऑफिसच्या दारातच उभा राहिलो.

लिपिक बाईंनी जनरल रजिस्टर काढलं. जाडजूड, कापडी पुठ्ठ्याचं. बोट फिरवत फिरवत माझ्या नावावर थांबल्या आणि शेऱ्याचा रकाना मला उलट्या बाजूनं वाचता आला: "दीर्घकाळ गैरहजर, नाव कमी केले." चार शब्दांपलीकडे आणखी एक. माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट आणि शाळेच्या लेखी एका ओळीत संपली होती. पण खरं सांगतो, ती ओळ वाचून मला बरं वाटलं. कुणीतरी माझी गैरहजेरी मोजली होती.

दाखल्यावरचं आडनाव आणि आधारवरचं आडनाव यांत एका वेलांटीचा फरक निघाला. त्यासाठी प्रतिज्ञापत्र. त्यासाठी दापोलीला तीन फेऱ्या. ज्यांना हे करायचंय त्यांना कळकळीनं सांगतो, अभ्यासाला बसण्याआधी दाखला हातात घ्या आणि त्यावरचं अक्षर न् अक्षर तपासा. आमच्यासारखी माणसं परीक्षेत नापास होण्याआधी खिडकीवर नापास होतात. तिसऱ्या फेरीला "उद्या या" ऐकलं की जाऊ दे म्हणतात, आणि तो उद्या पुन्हा उजाडत नाही. मी टिकलो कारण पाऊस होता, बोट बंद होती. सीझन चालू असता तर तीन दिवसांची मजुरी सोडून मी गेलो नसतो.

फी भरायची वेळ आली तेव्हा आईनं विचारलं नाही की कशाला. "कधीपर्यंत भरायचीय?" एवढंच विचारलं. तांदळाच्या डब्यात हात घालून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या नोटा काढल्या. तांदूळ चिकटलेल्या त्या नोटा मी शाळेच्या खिडकीत दिल्या.

ऑगस्टपासून बोट सुरू झाली आणि बोटीवर अभ्यास. याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं समुद्रावर शांतता असते. इंजिनाच्या धडधडीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. खारी हवा कागदात शिरते, कागद ओलसर होतो आणि त्यावर बॉलपेन घसरतं, उमटत नाही. मी पेन्सिल वापरायला लागलो. पुस्तकाचा एकेक धडा सुटा करून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचो, म्हणजे भिजलं तर एकच धडा भिजेल. जाळं टाकल्यापासून ओढेपर्यंत जे दोन-तीन तास मिळत, त्यात सगळे झोपायचे. त्यातला एक तास मी घ्यायचो, डोक्याला बॅटरी बांधून. तांडेलानं सुरुवातीला हाकललं: "झोप, नाहीतर जाळ्यात हात घालशील." ते रागानं नव्हतं. झोपाळलेल्या माणसाची बोटं दोरात जातात हे त्यानं पाहिलेलं होतं. मग त्यानंच तोड काढली. माझी सकाळची मासळी निवडायची पाळी बदलून दुपारची केली.

विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांसाठी शाळेत जावं लागलं. नववी-दहावीची पोरं आणि मी, वीस वर्षांचा, मिशा फुटलेला. लिटमस कागद लाल झालेला तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पुस्तकात वाचलं होतं लाल होतो म्हणून. खरंच झाला.

मार्च २०१६ मध्ये परीक्षा दिली. जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाल. नेहमीप्रमाणे कोकण विभाग राज्यात पहिला. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा मथळा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, हे दोनच जिल्हे आमच्या मंडळात, आणि दरवर्षी मुलं असा झेंडा लावतात. त्या वर्षी शंभरातली जी तीन-चार पोरं राहिली त्यांत मी होतो. मराठी ६२, हिंदी ५८, इंग्रजी ३८, आणि गणित अंतर्गत गुण धरून २७.

घरी बाबा शुद्धीत होते. म्हणाले, "आपल्यात कोणाला जमलंय?" त्यात टोमणा नव्हता, ते समजूत काढत होते. पण मला ते वाक्य रद्दीवाल्याच्या तराजूसारखं लागलं.

सुदैव असं की आदल्याच वर्षापासून नापास मुलांची पुरवणी परीक्षा जुलैमध्ये घ्यायला सुरुवात झाली होती. आधी ती ऑक्टोबरात व्हायची. ऑक्टोबर म्हणजे भर सीझन, मला बसता आलंच नसतं. जुलै म्हणजे बंदी. हातात सहा आठवडे होते.

मुरुडला एक निवृत्त गणिताचे सर राहायचे. आई त्यांच्याकडे सुकी मासळी द्यायची, त्या ओळखीवर गेलो. पाळंदे, सालदुरे ओलांडून सायकलनं, भर पावसात, पुस्तक पोटाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून. पहिल्या दिवशी त्यांनी काही शिकवलं नाही. धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट सांगितली. कर्वे त्याच मुरुडचे. लहानपणी परीक्षेला बसायला इथून चालत साताऱ्याला गेले, शंभरावर मैल, कुंभार्ली घाट चढून. तिथं सतरा वर्षं पूर्ण लागत होती. ती झाली होती, पण अंगानं लहानखुरे दिसतात म्हणून बसू दिलं नाही. तसेच परत आले. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन पास झाले. सर म्हणाले, "त्यांना वय कमी दिसतं म्हणून परत पाठवलं, तुला जास्त दिसतं म्हणून लाज वाटते. उद्यापासून सहाला ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. विचारलं, "आज बांगड्याचे तीन क्रेट आणि वाकटीचे दोन विकले, आठ हजार आले. उद्या बांगड्याचे दोन आणि वाकटीचे तीन, सात हजार आले. भाव काय लागला?"

मी पेन्सिल उचलली नाही. बंदरावर हे सारखंच चाललेलं असतं. म्हटलं, दोन्ही दिवस मिळून पाच-पाच क्रेट, पंधरा हजार. म्हणजे एक बांगड्याचा आणि एक वाकटीचा मिळून तीन हजार. आणि पहिल्या दिवशी एक बांगडा जास्त, एक वाकटी कमी, तर हजार जास्त आले. म्हणजे बांगडा वाकटीपेक्षा हजारानं महाग. बांगडा दोन हजार, वाकटी एक हजार.

सरांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. ३x + २y = ८०००. २x + ३y = ७०००. "बेरीज केलीस, वजाबाकी केलीस. याला एकसामयिक समीकरणं म्हणतात. मार्चमध्ये हे आलं होतं?"

आलं होतं. मी ते कोरं सोडलं होतं.

मी त्या दोन ओळींकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. मला जे येत होतं आणि मला जे येत नाही म्हणून मी नापास होतो, ते एकच होतं, हे त्या दिवशी कळलं. पुढे सगळंच सोपं गेलं असं नाही. भूमिती मला शेवटपर्यंत जड गेली, प्रमेयं पाठच केली. पण बीजगणित माझ्या हाताशी आलं. सरांनी एक पैसा घेतला नाही. आईनं दिलेले सुके बोंबीलसुद्धा वजन करून, पैसे देऊन घेतले.

परीक्षा झाली आणि निकालाच्या आधी एक काम केलं, ते इथं लिहायला हवं. नाखव्याकडे गेलो आणि बाबांच्या उचलीची वही मागितली. माझ्या मनात पक्कं होतं की वहीत खोट असणार. आईबाबांना वाचता येत नव्हतं, बाबा अंगठा द्यायचे आणि उचल काही फिटत नव्हती. आता मला हिशोब येत होता. नाखव्यानं एक शब्द न बोलता वही दिली. संध्याकाळभर त्याच्या ओटीवर बसून मी बेरजा केल्या. पन्नास, शंभर, शंभर, दोनशे, पुन्हा पन्नास. दारूच्या आकड्यांची पानंच्या पानं. आणि मध्ये एक वेगळा आकडा: ऑगस्ट २००८, दवाखाना, साडेचार हजार.

त्या ऑगस्टमध्ये मला टायफॉईड झाला होता. दापोलीला नऊ दिवस ठेवलं होतं. पैसे मावशीनं दिले, असं मला वाटत होतं. मला तसं कुणी सांगितलं होतं की मीच धरून चाललो होतो, आठवत नाही.

बेरीज रुपयाला रुपया बरोबर निघाली. नाखव्यानं कुठंही फसवलं नव्हतं. मी वही परत केली आणि बंदरावर जाऊन बसलो. इतकी वर्षं राग ठेवायला एक जागा होती, ती गेली. बाबांना मी त्या आकड्याबद्दल कधीच विचारलं नाही. पुस्तकं विकली तीही खरी आणि दवाखान्याचे साडेचार हजारही खरे. दोन्हींची वजाबाकी मला अजून जमलेली नाही.

ऑगस्टअखेर निकाल लागला तेव्हा आम्ही समुद्रावर होतो. परत येताना किल्ला दिसायला लागला तशी फोनला रेंज आली आणि बहिणीचा मेसेज: "दादा गणित ५१ पास." तांडेलानं इंजिन थोडं मंद केलं आणि मोठ्यानं पुन्हा वाच म्हणाला. मी वाचलं. नेपाळी दोघांनी बर्फावर ठोके देत आरडाओरडा केला.

बारावी कलाशाखेतून, पुन्हा सतरा नंबरनंच, २०१८ ला केली. मग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. बारावी न करताही तिथं तेव्हा पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीला प्रवेश मिळायचा. पण मला दहावी-बारावीची बोर्डाची कागदपत्रं हवी होती. त्या शेऱ्याच्या रकान्याला उत्तर म्हणून हवी होती म्हणा. विद्यापीठाचं "ज्ञानगंगा घरोघरी" हे घोषवाक्य पुस्तकांवर छापलेलं असायचं. आमच्या घरी ती गंगा शब्दशः आली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ. बोटी आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन ठेवल्या होत्या, त्या वाचल्या. घरावरची कौलं गेली, पत्रे गेले आणि दुसऱ्या वर्षाची पुस्तकं भिजून लगदा झाली. कित्येक दिवस वीज नव्हती. चुलीवर दोरी बांधून बोंबील सुकवावेत तशी मी एकेक पान सुटं करून त्यावर टाकलं. बहीण पानांचे नंबर लावायची. धुरानं पिवळी झालेली ती पुस्तकं माझ्याकडे अजून आहेत. अर्थशास्त्राच्या पुस्तकाचं ११२ नंबरचं पान मात्र मिळालं नाही ते नाहीच.

बाबा त्याआधीच, २०१९ च्या जानेवारीत गेले. कावीळ झाली होती, यकृत संपलं होतं. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात माझा हात धरून त्यांनी एकदाच विचारलं, "कितवीत आहेस आता?" मी म्हटलं, पंधरावीत. खरं तर तेरावीत होतो. त्यांना पंधरावी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण मोठा आकडा ऐकून त्यांनी मान हलवली.

पदवी २०२१ ला हातात आली. आता मी मच्छीमार सोसायटीत लिपिक आहे. बोटींच्या डिझेल परताव्याचे कागद, सभासदांचे दाखले, ओळखपत्रं. कुणाच्या आडनावात वेलांटीचा फरक असला की मला लांबून दिसतो. जूनमध्ये बोटी वर आल्या की दोन-तीन पोरं फॉर्मबद्दल विचारायला येतात. त्यांना घेऊन मी शाळेत जातो, कारण मला माहीत आहे की पहिल्यांदा त्या ऑफिसच्या दारातून आत पाऊल टाकणं हेच सगळ्यात अवघड असतं. सगळी पुढे टिकत नाहीत. गेल्या वर्षीच्या दोघांनी ऑगस्टमध्ये बोट धरली ती धरलीच. त्यांच्यावर मी रागावत नाही. त्यांच्या घरची वही मी पाहिलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी मला मुलगी झाली, दापोलीला, पहाटे सव्वाचार वाजता. जन्मनोंदीचा कागद भरायला परिचारिकेनं माझ्याकडेच दिला. बाळाच्या वडिलांचं शिक्षण, असा एक रकाना असतो त्यात. आई बाजूला उभी होती, पाटीवर जायचं सोडून रात्रभर थांबलेली. "काय लिहिलंस?" म्हणाली. वाचून दाखवलं. मग आईच्या शिक्षणाचा रकाना, बायकोचं बारावी. मग जन्मतारीख. ती मी भिंतीवरच्या कॅलेंडरशी पडताळली, परिचारिकेच्या वहीशी पडताळली आणि मग शाईच्या पेनानं लिहिली.